दूरवैद्यक : अर्थ, उपयोग व मर्यादा

वैद्य आणि रोगी एकमेकांसमोर बसलेले असावेत, ही गोष्ट इतकी जुनी व सर्वमान्य आहे की, ती एक अट आहे हेच सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वैद्य जीभ पाहतो, नाडी धरतो, पोट चाचपतो, छातीला नळी लावतो. आणि रोगी वैद्याच्या चेहऱ्याकडे पाहून आपले दुखणे कितपत गंभीर आहे याचा अदमास घेतो. ही अट काढून टाकली, रोगी एका ठिकाणी व वैद्य दुसऱ्या ठिकाणी असला, आणि दोघांच्या मध्ये केवळ टेलिफोनचा आवाज किंवा पडद्यावरचे चित्र एवढेच राहिले, तर वैद्यकाचे काय उरते, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. इंग्रजीतून आलेल्या ‘टेलिमेडिसिन’ या शब्दासाठी मराठीत दूरवैद्यक किंवा दूरचिकित्सा हे शब्द वापरतात. शब्दात ‘दूर’ हे पद पहिले आहे. तेव्हा दूर म्हणजे किती दूर, हेच प्रथम पाहिले पाहिजे.

दूर म्हटले की डोंगरापलीकडचा पाडा डोळ्यांसमोर येतो, किंवा भर समुद्रातले जहाज. मुंबईच्या उपनगरातील कुर्ला कोणाला सुचत नाही. कुर्ल्याचे अंतर तर फार पूर्वीच तुटले. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली ती याच वाटेने. आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी बोरीबंदराहून निघाली ती कुर्ल्यापर्यंतच. कुर्ल्याच्या पश्चिम भागात महापालिकेचे भाभा रुग्णालय आहे. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय आगगाडीने एकदोन स्थानकांवर आहेत. गल्लोगल्ली खाजगी दवाखाने आहेत ते वेगळेच. नकाशावर पाहता येथील रोगी वैद्यापासून दूर आहे असे कोणीही म्हणणार नाही.

परंतु नकाशा सर्व काही सांगत नाही. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाने केसपेपर काढून रांगेत उभे राहायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. ज्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, तेथून गुडघे धरलेल्या म्हातारीला रस्त्यापर्यंत आणण्यास दोन माणसे लागतात, आणि ती दोन्ही माणसे कामावर गेलेली असतात. लेकुरवाळ्या बाईला घरातील मुले कोणापाशी ठेवावीत हा प्रश्न पडतो. रात्री दोन वाजता ताप चढला तर मैलभरावरचा दवाखानाही पहाटेपर्यंत दुसऱ्या गावी असल्यासारखाच होतो. म्हणजे वैद्य व रोगी यांतील अंतर मैलांनी मोजून भागत नाही; ते वेळाने, पैशाने आणि भीतीने मोजावे लागते. दूरवैद्यकाचा खरा अर्थ हे अंतर कमी करणे असा आहे, आणि तसा अर्थ घेतला म्हणजे ती केवळ रानावनातील लोकांची सोय राहत नाही.

व्याख्येच्या दृष्टीने पाहिले तर विषय सोपा आहे. ज्याच्यापाशी वैद्यकीय ज्ञान आहे आणि ज्याला त्याची गरज आहे, ते दोघे वेगवेगळ्या ठिकाणी असता, दळणवळणाच्या साधनांनी माहितीची देवघेव करून रोगाचे निदान, उपचार, प्रतिबंध व देखरेख करणे म्हणजे दूरवैद्यक. साधन कोणते हे गौण आहे. ते तार असेल, बिनतारी यंत्र असेल, उपग्रह असेल, किंवा खिशातला मोबाईल असेल. या कार्याचे तीन प्रकार करता येतात. पहिल्यात वैद्य व रोगी एकाच वेळी बोलतात किंवा एकमेकांना पाहतात. दुसऱ्यात माहिती आधी साठवून मग पाठविली जाते. क्ष-किरणांचे चित्र, हृदयाचा विद्युत्-आलेख किंवा त्वचेवरील चट्ट्याचे छायाचित्र सकाळी पाठवावे आणि तज्ज्ञाने सवडीने दुपारी त्यावर मत द्यावे, असा तो क्रम आहे. तिसऱ्या प्रकारात दीर्घकाळच्या रोग्यावर देखरेख होते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेला मनुष्य घरीच मोजमाप करून आकडे कळवीत राहतो.

याहून महत्त्वाचा असा आणखी एक भेद आहे. काही वेळा एका टोकास रोगी एकटाच असतो व दुसऱ्या टोकास डॉक्टर असतो. काही वेळा रोग्याजवळ परिचारिका, आरोग्यसेवक किंवा साधा डॉक्टर बसलेला असतो, आणि तो दूरच्या तज्ज्ञाशी बोलतो. वरवर पाहता हा भेद किरकोळ वाटतो. वस्तुतः दूरवैद्यकाचे यशापयश बहुतांशी यावरच अवलंबून असते, कारण तारेतून आवाज जातो, चित्र जाते, आकडा जातो. हात तेवढा जात नाही. हाताचे काम करणारे कोणी रोग्याजवळ आहे की नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

या कल्पनेचा इतिहास समजला जातो त्यापेक्षा बराच जुना आहे. टेलिफोनचा शोध लागून तीन वर्षे होतात न होतात तोच, १८७९ साली, लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने एका डॉक्टराची हकीकत छापली. रात्रीच्या वेळी एका मुलाच्या खोकल्याने घरची माणसे घाबरली होती. डॉक्टराने मुलास टेलिफोनजवळ आणावयास सांगून खोकला ऐकला, आणि ज्या घशाच्या विकाराची भीती होती तो हा नव्हे असे सांगून घरच्यांस धीर दिला. १९०५ साली हॉलंडमधील लेडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. हृदयाची विद्युत्-स्पंदने टिपणारे त्यांचे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णालयात नेणे शक्य नव्हते. म्हणून रोग्याची स्पंदनेच टेलिफोनच्या तारेने सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील प्रयोगशाळेत आणून त्यांनी त्यांचा आलेख काढला. याच यंत्राच्या कार्याबद्दल त्यांना १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे बिनतारी यंत्र आले आणि समुद्रावरील माणसाला वैद्य मिळाला. १९३५ साली रोम येथे जहाजांना बिनतारी मार्गाने विनामूल्य वैद्यकीय सल्ला देणारे केंद्र निघाले, आणि बिनतारीचे जनक मार्कोनी हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. तथापि सर्वांत बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथील विस्तीर्ण ओसाड प्रदेशात १९२८ साली जॉन फ्लिन या पाद्र्याच्या प्रयत्नाने विमानातून फिरणाऱ्या डॉक्टरांची संस्था सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगर यांचे पायाने पेडल मारून चालविण्याचे बिनतारी यंत्र वाडीवस्तीवर पोहोचू लागले. कालांतराने प्रत्येक दूरच्या वस्तीवर औषधांची एक पेटी ठेवण्याची पद्धत पडली. पेटीतील प्रत्येक औषधावर क्रमांक घातलेला असे. डॉक्टर बिनतारीवरून अमुक क्रमांकाची गोळी इतक्या वेळा द्या असे सांगे, आणि औषधाचे अवघड नाव ऐकण्यात किंवा वाचण्यात चूक होण्याचा संभवच राहत नसे. आवाजाने काय साधत नाही हे ज्याला नीट कळले त्यानेच ही पेटी योजिली. एवढी तयारी करूनही विमान ठेवावेच लागले, हे विसरून चालणार नाही. सल्ला पुरेसा नसेल तेव्हा डॉक्टर स्वतः उड्डाण करून रोग्यापाशी जाई.

भारतात या कार्याला २००० सालापासून जोर आला. त्या वर्षी आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातील रुग्णालय दूरच्या तज्ज्ञांशी जोडले गेले, आणि २००१ साली भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहाच्या द्वारा असेच प्रायोगिक कार्य हाती घेतले. महाराष्ट्रात परळचे के. ई. एम. रुग्णालय केंद्रस्थानी ठेवून नंदुरबार, लातूर, बीड, सातारा व सिंधुदुर्ग येथील जिल्हा रुग्णालये प्रथम जोडण्यात आली. या योजनेत रोगी जिल्ह्याच्या गावीच राही; त्याच्याजवळ तेथला डॉक्टर असे; आणि परळचा तज्ज्ञ पडद्यावरून दोघांशी बोले. येथे हात हजर होता, केवळ तज्ज्ञाची बुद्धी लांबून येत होती. नंदुरबारच्या माणसाचा मुंबईचा हेलपाटा, धर्मशाळेतील मुक्काम आणि सोबत आलेल्या नातेवाइकाचा बुडालेला रोजगार हे सर्व वाचविणे हा त्यातला लाभ होता.

मात्र सामान्य डॉक्टराने सामान्य रोग्यास टेलिफोनवरून औषध सांगावे की नाही, याविषयी कायद्यात स्पष्टता नव्हती. रत्नागिरीच्या एका प्रकरणात प्रसूतीनंतर पुन्हा दाखल झालेल्या स्त्रीवर डॉक्टर प्रत्यक्ष हजर नसता टेलिफोनवरील सूचनांनुसार उपचार झाले आणि तिचा मृत्यू झाला. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात डॉक्टरांचा अटकपूर्व जामिनाचा अर्ज फेटाळला. या निर्णयाने वैद्यकवर्गात मोठी चलबिचल झाली. टेलिफोनवर एक शब्द बोलणेही गुन्हा ठरेल की काय, अशी शंका अनेकांना येऊ लागली; दुसऱ्या बाजूस, न पाहता औषध सांगण्याची सैल चाल किती घातक होऊ शकते हेही लोकांसमोर आले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. नियमाची गरज होती ती याच ठिकाणी.

तो नियम आला तो दिवसही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २५ मार्च २०२० हा कोरोनाच्या साथीमुळे देशभर पुकारलेल्या टाळेबंदीचा पहिला दिवस होय. आणि त्याच तारखेस नोंदणीकृत डॉक्टरांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारकडून प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे न सुटलेला प्रश्न साथीने एका दिवसात सोडविण्यास भाग पाडले. कारण त्या दिवसापासून मुंबईतील प्रत्येक घर हे एक बेट झाले होते. कुर्ल्यासारख्या ठिकाणी, जेथे दवाखाना हाकेच्या अंतरावर होता तेथे, त्या दवाखान्याचा उंबरठाच भीतीचा झाला. रोग्याला डॉक्टरापासून संसर्ग होण्याचे भय आणि डॉक्टराला रोग्यापासून. कित्येक खाजगी दवाखाने बंद होते. अंतर भीतीनेही मोजावे लागते, याचा इतका स्पष्ट पुरावा पूर्वी मिळाला नव्हता.

महापालिकेच्या कारभारात कुर्ला हा साकीनाका व चांदिवलीसह ‘एल’ विभागात येतो. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे या एका विभागाची वस्ती सुमारे नऊ लक्ष होती. महाराष्ट्रातील अनेक शहरे याहून लहान आहेत. साथीच्या आरंभी सर्व मुंबईचे टेलिफोन एकाच मध्यवर्ती क्रमांकावर येत, आणि खाटेसाठी धावाधाव करणाऱ्या लोकांची तेथे दाटी होई. २०२० च्या जूनमध्ये महापालिकेने हे काम चोवीस विभागांत वाटून दिले आणि प्रत्येक विभागात एक नियंत्रण कक्ष उघडला. लोक त्यास ‘वॉर रूम’ म्हणत. प्रयोगशाळांचे अहवाल महापालिकेकडे येत, तेथून आपापल्या विभागाच्या याद्या कक्षाकडे जात, आणि कक्षातून रोग्याला टेलिफोन होई. नेहमी रोगी दवाखान्याचा शोध घेतो. येथे दवाखानाच रोग्याचा शोध घेऊ लागला.

त्या टेलिफोनवर काय विचारले जाई, यात दूरवैद्यकाची सारी विद्या साठविलेली आहे. वय किती, ताप किती दिवस, मधुमेह किंवा हृदयविकार आहे काय, घरात स्वतंत्र खोली व संडास आहे काय. शेवटचा प्रश्न वैद्यकाच्या ग्रंथात नसतो. परंतु एका खोलीत आठ माणसे राहत असतील आणि संडास सार्वजनिक असेल तर रोग सौम्य असूनही रोग्याला घरी ठेवून चालत नसे. मग येई श्वासाचा प्रश्न. रोग्याचे बोलणेच येथे परीक्षा होते. जो मनुष्य एक वाक्य न थांबता पुरे करतो आणि ज्याला दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, त्या दोघांत काय फरक आहे हे ऐकणाऱ्या जाणत्या कानाला तत्काळ कळते. मिनिटास श्वास किती होतात हे घरच्या माणसाने घड्याळ लावून मोजता येते. प्रौढ माणसात ही संख्या २४ किंवा अधिक झाली तर ते चांगले लक्षण मानले जात नसे.

या साथीत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली होती. रक्तातील प्राणवायू उतरला असूनही काही रोगी शांतपणे बोलत, त्यांना धाप जाणवत नसे. आवाजाची परीक्षा येथे फसत होती. ही उणीव बोटाला लावायच्या ऑक्सिमीटर नावाच्या लहानशा चिमट्याने भरून काढली. बोटातून प्रकाश पाठवून तो रक्तातील प्राणवायूचे शेकडा प्रमाण दाखवितो. आकडा ९४ च्या खाली गेला तर ताबडतोब कळवावे, असे घरी राहिलेल्या रोग्यांना सांगितले जाई. २०२१ च्या लाटेत महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने सहा मिनिटे चालण्याची चाचणीही लोकांना शिकविली; चालण्यापूर्वीचा व नंतरचा आकडा पाहून, तो घसरत असेल तर रुग्णालय गाठावे, असा तिचा आशय होता. ऑस्ट्रेलियातील क्रमांकित पेटीने जे काम केले तेच येथे या चिमट्याने केले.

तथापि यंत्राचा आकडाही डोळे मिटून घेण्याजोगा नसतो. बोटे थंड असली किंवा नखांना रंग लावलेला असला तर आकडा चुकतो. गडद वर्णाच्या त्वचेवर हा चिमटा कधीकधी असलेल्यापेक्षा अधिक प्राणवायू दाखवितो, असे २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. सावळ्या माणसांच्या देशाने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवली पाहिजे. सारांश, आकडा चांगला पण रोगी मलूल, अशा वेळी आकड्यापेक्षा रोग्यावर विश्वास ठेवावा.

आता पूर्वोक्त मार्गदर्शक तत्त्वांकडे वळता येईल. त्यांतील मुख्य नियम सामान्य माणसानेही जाणावेत असे आहेत. सल्ला देणारा नोंदणीकृत डॉक्टर असला पाहिजे. त्याने आपले नाव व पात्रता सांगितली पाहिजे, आणि औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहिला पाहिजे. रोग्याने स्वतः होऊन टेलिफोन केला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. डॉक्टर किंवा आरोग्यसेवकाने आरंभ केला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. रोगी अल्पवयीन असेल तर जवळ मोठे माणूस हवे. औषधांच्या वर्गवाऱ्या केलेल्या आहेत. ताप उतरविणारी साधी गोळी किंवा जुलाबातील मीठ-साखरेची पूड यांसारखी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. काही औषधे पहिल्या भेटीत द्यावयाची तर एकमेकांस पाहून, म्हणजे चित्रभाषणावर, बोलणे झालेले असावे लागते. काही औषधे केवळ आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रोग्याला, त्याच विकारासाठी, पुढील भेटीत देता येतात. गुंगी आणणारी व व्यसन लावणारी कडक नियंत्रणाखालील औषधे या मार्गाने देण्यास त्या तत्त्वांनी मनाई केली. तसेच यंत्राच्या बुद्धीने डॉक्टरास साहाय्य करावे, परंतु रोग्याला परस्पर सल्ला किंवा औषध देऊ नये, असेही त्यांत म्हटले आहे.

या सर्व नियमांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. प्रत्यक्ष तपासणी आवश्यक आहे की नाही हे डॉक्टराने प्रत्येक वेळी आपल्या बुद्धीने ठरवावे, आणि आवश्यक वाटल्यास टेलिफोनवरील बोलणे तेथेच थांबवून रोग्याला समोर बोलवावे. ‘येऊन दाखवा’ असे सांगणारा डॉक्टर पुष्कळांना टाळाटाळ करणारा वाटतो. वास्तविक दूरवैद्यकातील सर्वांत मोलाचा सल्ला पुष्कळदा तोच असतो. पोटात उजव्या बाजूस खाली दुखणारा मुलगा आंत्रपुच्छाच्या सुजेने आजारी आहे की अजीर्णाने, हे पोटावर हात ठेवल्यावाचून सांगू पाहणे धाडसाचे आहे. तान्ह्या मुलाची धाप, गर्भिणीचा रक्तस्राव, छातीत दाटून येणारी कळ, एका बाजूचा हात लुळा पडणे व वाचा अडखळणे, ही दुखणी टेलिफोनवर बोलत बसण्याची नव्हेत. अशा वेळी टेलिफोनचा उपयोग एकच, आणि तो म्हणजे १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून चालू आहे.

याउलट पुष्कळ कामे अशी आहेत की त्यांसाठी रोग्याला रांगेत उभे करणे हाच अन्याय होय. रक्तदाबाची ठरलेली गोळी पुढे चालू ठेवावी काय, तपासणीच्या अहवालाचा अर्थ काय, शस्त्रक्रियेनंतरची जखम छायाचित्रात बरी दिसते काय, नव्या औषधाने मळमळते तर काय करावे, या प्रश्नांना आवाज व चित्र बहुधा पुरते. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही व्यवस्था याच कामासाठी आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्यातील डॉक्टर-ते-डॉक्टर शाखा सुरू झाली. त्यात खेड्यातील आरोग्य केंद्रावरचा सेवक रोग्याला समोर बसवून शहरातील डॉक्टराशी बोलतो. १३ एप्रिल २०२० पासून घरी बसलेल्या रोग्यालाही तिचा लाभ मिळू लागला. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यामार्फत झालेल्या सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली. मनाच्या दुखण्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही सेवा निघाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. मानसिक व्यथेत ऐकणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो, आणि वेड्याच्या डॉक्टराकडे गेला म्हणून चाळीत बोभाटा होईल या भयाने घरी कुढत बसणाऱ्याला टेलिफोनची आड ही अडचण न वाटता आधार वाटते.

दीर्घ उपचाराच्या रोगातही टेलिफोनचा उपयोग करून पाहण्यात आला आहे. क्षयाची औषधे सामान्यतः सहा महिने घ्यावी लागतात. बरे वाटू लागले की रोगी ती सोडतो, आणि तेथेच अनर्थ होतो. यावर भारतात एक युक्ती निघाली. गोळ्यांच्या पाकिटाला आणखी एक आवरण घालून, गोळी काढली की खाली लपविलेला टेलिफोन क्रमांक दिसावा अशी योजना केली. रोग्याने त्यावर फुकटचा टेलिफोन लावला की गोळी घेतल्याची नोंद होई. युक्ती चतुर होती. पण चेन्नई, वेल्लोर व मुंबई येथील रोग्यांच्या घरी अचानक जाऊन लघवीची तपासणी केली तेव्हा नोंद आणि वस्तुस्थिती नेहमी जुळत नाहीत असे दिसले. कोणी गोळी घेऊन टेलिफोन करीत नसे. कोणी टेलिफोन करून गोळी घेत नसे. दारावर येणाऱ्या आरोग्यसेविकेची जागा त्या क्रमांकाला पुरतेपणी घेता आली नाही.

कुर्ल्यासारख्या वस्तीत आणखी काही अडचणी आहेत. पहिली एकान्ताची. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दीर व मुले बसलेली असता सून आपले स्त्रीरोगाचे दुखणे टेलिफोनवर कसे सांगणार? त्यातून मोबाईल बहुधा नवऱ्याचा असतो, आणि तो सकाळी त्याच्याबरोबर कामावर जातो. दवाखान्याच्या पडद्याआड जे सहज बोलता येते ते घरात बोलता येत नाही, ही विचित्र स्थिती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुसरी अडचण भाषेची. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ अशा अनेक भाषा बोलणाऱ्या वस्तीत समोरासमोर हातवाऱ्यांनी भागते, टेलिफोनवर भागत नाही. तिसरी गुप्ततेची. रोगाची माहिती एकदा यंत्रात गेली की ती कोठे साठते व कोण वाचतो याची जाणीव सामान्य माणसाला नसते. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला तो अशाच चिंतेतून.

चौथी अडचण कुर्लेकरांना निराळी सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीचे पाणी कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरले. वीज गेली, टेलिफोन मुके झाले. अशा दिवशी शेजारच्या परिचारिकेचे दार हेच रुग्णालय असते. संकटाच्या ज्या घटकेला दूरवैद्यकाची गरज सर्वाधिक, त्याच घटकेला ते बंद पडण्याचा संभव असतो. म्हणून त्याच्या भरवशावर जवळचा दवाखाना कमी करणे ही बचत नव्हे.

या सर्व विवेचनातून व्यवहारापुरता बोध काढावयाचा तर तो असा. टेलिफोन लावण्यापूर्वी चालू औषधांची पाकिटे, जुनी चिठ्ठी, तापमापक आणि असल्यास रक्तदाबाचे आकडे जवळ घ्यावेत. दुखणे केव्हा सुरू झाले ते दिवसाच्या हिशेबाने सांगावे; एखाद्या औषधाची बाधा पूर्वी झाली असल्यास ती न विचारता सांगावी. शक्यतो रोग्याने स्वतः बोलावे, कारण त्याचा आवाजही निदानास उपयोगी पडतो. सल्ला देणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा. सांगितलेले औषध पुन्हा म्हणून दाखवावे. आणि शेवटी एक प्रश्न अवश्य विचारावा की, कोणते लक्षण दिसले तर वाट न पाहता रुग्णालयात जावे? या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर जो देतो तो दूर असूनही चांगला डॉक्टर होय. जो देत नाही त्याच्या सल्ल्यावर रात्र काढू नये.

रेल्वे आली म्हणून माणसाने चालणे सोडले नाही. स्थानकापर्यंत पायीच जावे लागते. दूरवैद्यकाचेही तसेच आहे. ते रोग्याला दवाखान्याच्या पुष्कळ फेऱ्यांतून सोडवू शकते, आणि खरोखर जावयाचे असेल तेव्हा वेळेवर पाठवू शकते. या दोहोंतील दुसरे काम अधिक मोठे आहे, आणि ते नीट पार पडावे यासाठी तारेच्या दुसऱ्या टोकास उघडे असलेले रुग्णालय व तेथे थांबलेला डॉक्टर असावाच लागतो.